फोंडा शेवटी गेलाच, मग 1683 ची लढाई मोजायची कशाला?

गेल्या महिन्यात एका कॉलेजची मुलं घेऊन गोव्यात दुर्भाटच्या धक्क्यावर गेलो होतो. परतायची वेळ झाली, बसवाला हॉर्न मारायला लागला आणि नेमकं तेव्हाच एका मुलीने विचारलं, "सर, 1683 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फोंड्याहून पळाला. 1756 मध्ये तर दुसरा व्हाइसरॉय फोंड्यालाच मारला गेला. तरी 1763 मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो 1961 पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. म्हणजे आपण हरलोच ना? मग मधल्या जिंकलेल्या लढाया आपण उगीच कुरवाळत बसतो का?" दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता. लिहून पाठवतो म्हटलं. बाय, ते हे उत्तर. जरा लांबलंय, सावकाश वाच.

आधी माझी बाजू सांगतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. 31 वर्षं जमीन मोजणीत काढली. खाजनांच्या (म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या) आणि भाटांच्या (बागायतींच्या) हद्दी, भावाभावांचे तंटे, पावसात वाहून गेलेले हद्दीचे दगड, हेच आयुष्य. निवृत्त झाल्यावर किल्ल्यांच्या फेऱ्या सुरू केल्या आणि जुनी कागदपत्रं वाचायचा नाद लागला. त्यामुळे कुठलीही लढाई वाचली की शौर्याच्या आधी माझं लक्ष जातं ते माणसं कुठून कुठे गेली, तोफ कोणत्या वाटेने ओढली आणि वाटेत पाणी किती होतं, याकडे. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

अंत्रूज महालाचा, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्याचा नकाशा समोर घे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. तिन्ही बाजूंना पाणी, आणि हे पाणी पोर्तुगीजांचं. तिसवाडी, साष्टी, बार्देश हे त्यांचे जुने प्रांत याच पाण्यापलीकडे. त्यांची गलबतं या खाडीवरच्या बाणस्तारीपर्यंत येत, आगशीहून सुटलेला पडाव दुर्भाटला लागे. पण दुर्भाटहून फोंड्याचा किल्ला सहा-सात किलोमीटर आत आहे, आणि ही वाट आधी चिखलाची, मग जांभ्या दगडाच्या चढाची. जहाजावर तोफ असते तेव्हा वारा तिला नेतो. तीच तोफ जमिनीवर उतरवली की बैल लागतात, माणसं लागतात, दारू कोरडी ठेवायला छप्पर लागतं आणि प्रत्येक गोळा धक्क्यावरून डोक्यावर नाहीतर गाड्यावर यावा लागतो. समुद्रावर जग जिंकलेल्या माणसांना हे सहा-सात किलोमीटर सतरावं शतक उलटून गेलं तरी जिंकता आले नव्हते. माझ्या मते फोंड्याच्या सगळ्या लढायांचं मर्म एवढ्यातच आहे.

आता 1683. संभाजी महाराजांच्या एका अंगावर औरंगजेब आलेला, दुसऱ्या अंगावर सिद्दी आणि पोर्तुगीज. पोर्तुगीज मोगलांना आपल्या मुलखातून वाट देत होते, म्हणून मराठ्यांनी त्यांच्या चौलला, म्हणजे रेवदंड्याला, वेढा घातला. गोव्यातला व्हाइसरॉय फ्रांसिश्कु द ताव्होरा, काँद द आल्व्होर (काँद हा सरदारकीचा किताब), याने हिशोब केला की फोंड्यावर हल्ला चढवला तर मराठ्यांना चौल सोडून इकडे धावावं लागेल. हिशोब कागदावर चुकीचा नव्हता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो स्वतः सैन्य घेऊन फोंड्याखाली आला. बाहेर हजारोंचं सैन्य, आत शिबंदी काहीशेंची. आत होते येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. येसाजी म्हणजे शिवाजी महाराजांच्या पहिल्या फळीतला माणूस. तेव्हा वय झालेलं.

पोर्तुगीज तोफांनी तट फोडला. ही गोष्ट आपण सांगताना घाईने उरकतो, पण तिथे जरा थांब. तटाला खिंडार पडलं की लढाई संपली असं वेढा घालणाऱ्याला वाटतं. खरं म्हणजे तेव्हाच ती आतल्या माणसाच्या सोयीची होते, कारण बाहेरच्या हजारोंना आता एकाच भगदाडातून यायचं असतं. जांभ्याचा तट फुटतो तेव्हा त्याचे सरळ चिरे पडत नाहीत. लालभडक ढिगारा होतो, पाय ठेवला की घसरतो. मोजणीच्या काळात जुनी गडगी पाडताना मी हे पुष्कळदा पाहिलंय. तशा ढिगाऱ्यावरून बंदूक सावरत चढणाऱ्या माणसासमोर उभं राहायला आत फार माणसं लागत नाहीत, पण जी असतील त्यांनी हलून चालत नाही. ती हलली नाहीत. कृष्णाजी कंक या वेढ्यात जबर जखमी झाले आणि पुढे त्या जखमांनीच गेले. बाप वाचला, मुलगा गेला. गडावर नेलेल्या मुलांना मी एवढंच सांगतो, त्यावर भाषण करत नाही.

मग राजापूरहून संभाजी महाराज स्वतः आले. त्यांनी वेढ्याच्या देखत किल्ल्यात कुमक घातली. 10 नोव्हेंबरला व्हाइसरॉयने माघारीचा हुकूम दिला. वाट तीच, दुर्भाटची. चढताना सात किलोमीटर नकोसे वाटले होते, उतरताना तर पाठीवर मराठी घोडेस्वार. आपण उभे होतो त्या धक्क्याकडे त्या दिवशी माणसं कशी पोचली असतील याचा विचार मी नेहमी तिथे उभा राहून करतो. खाडीच्या काठाला घोडा चालत नाही, पण चिखलात रुतलेल्या शिपायालाही पळता येत नाही.

इथे तू म्हणशील, झालं, जिंकली. नाही, खरा दणका पुढे होता.

24 नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवें घेतलं. जुवें म्हणजे सांतु इश्तेव्हांव, मांडवीतलं बेट, गोवे शहराच्या, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याच्या, अगदी उशाशी. रात्री ओहोटी साधून माणसं पाण्यातून पार झाली आणि टेकडीवरचा किल्ला हातात घेतला. शहरात घबराट. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय तो परत घ्यायला आला, मार खाल्ला, स्वतः जखमी झाला आणि जेमतेम पाण्यातून जीव वाचवून परतला. तारीख बघ, 25 नोव्हेंबर. संत कातारीनाचा दिवस. 1510 मध्ये याच दिवशी पोर्तुगीज सेनापती आफोंसु द आल्बुकर्कने गोवा घेतला होता आणि शहरातलं मोठं कॅथेड्रल याच संताच्या नावाचं. ज्या दिवशी विजयाचा सण करायचा त्या दिवशी व्हाइसरॉय चिखलाने माखून घरी आला.

ओहोटीचं म्हणालो ते नीट समजून घे, कारण पुस्तकात "रात्री ओहोटीच्या वेळी" हे तीन शब्दांत संपतं. नव्वदच्या दशकात मी जुव्याला एका खाजनाची हद्द मोजत होतो. आपल्याकडे भरती-ओहोटीत दीड-दोन मीटरचा फरक सहज पडतो. ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो. सुकती लागली की खाडीचा काठ मागे सरकतो आणि करड्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला वाटतो. बरोबरचा म्हातारा कामती दोनदा म्हणाला, "सायब, उदक परततलें, उरकून घ्या." मी म्हटलं एवढी एक रेघ घेतो. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, पलीकडे पंधरा पावलं गेलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. पाय उपसला की चप्पल आत, चप्पल काढायला वाकलो की हातही आत. तोवर पाणी परत फिरलं. भरती लाटेसारखी येत नाही, गुपचूप येते. चिखलातले खेकड्यांचे खळगे आधी भरतात, मग त्यांच्यामधल्या रेषा जोडल्या जातात, मग एकदम सगळं चकाकतं. म्हाताऱ्याने बांधावरून वाशाचं टोक पुढे केलं म्हणून निघालो. प्लेन टेबलाची, म्हणजे मोजणीच्या फळीची, तिवई गेली ती गेलीच, वर वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

मी दिवसाउजेडी, मोकळ्या हाताने, कुणी गोळ्या झाडत नसताना पंधरा पावलं गेलो होतो. 1683 मध्ये मराठ्यांची माणसं अंधारात, हत्यारं डोक्यावर धरून, शत्रूच्या पहाऱ्यासमोर हेच करून गेली. घाटावरून आलेल्या घोडेस्वाराला ही वाट माहीत असणं शक्य नाही. मानस कुठे, कठीण तळ कुठे, पाणी परतायला किती वेळ, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. तो होडीवाला किंवा कामती कोण, ते कुठल्याच कागदात नाही. लढाई स्थानिक असते म्हणतात ते या अर्थाने.

जुव्याच्या लढाईतली एक गोष्ट तू ऐकली असशील: महाराजांचा घोडा पाण्यात पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळ चिटणिसांनी उडी टाकून तो सावरला. गोष्ट सुंदर आहे. खंडो बल्लाळांच्याच वंशातल्या मल्हार रामराव चिटणिसांनी पुढे बखर लिहिली, एवढं मनात ठेवून ती सांग.

मराठ्यांनी जुवें धरून ठेवलं नाही. डिसेंबरात ते साष्टी आणि बार्देशात घुसले, मडगावापर्यंत गेले. व्हाइसरॉय इतका हतबल झाला की त्याने बों जेजूच्या चर्चमध्ये संत फ्रांसिस झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड संताच्या हातात ठेवून आता तूच राज्य सांभाळ म्हणाला. त्या राज्याला खरा दिलासा मिळाला तो औरंगजेबाच्या मुलाकडून. शहा आलम रामघाटाने उतरून जानेवारी 1684 मध्ये डिचोलीच्या अंगाला आला, मराठ्यांची ठाणी जाळत. महाराजांना गोवा सोडून निघावं लागलं. पाच वर्षांत ते मोगलांच्या हाती सापडले आणि मार्च 1689 मध्ये मारले गेले. फोंडा त्यानंतर मोगल, सोंधेकर (आजच्या कर्नाटकातल्या सोंध्याचे राजे), मराठे असा या हातातून त्या हातात फिरत राहिला.

म्हणजे हरण्याचं कारण फोंड्यात नव्हतं. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. फोंड्याचा किल्लेदार त्याच्या हातात होतं ते सगळं करून चुकला होता. युद्ध हरलं जात होतं ते दख्खनच्या पठारावर आणि खुद्द समुद्रावर.

समुद्राचं सांगायला 1510 पर्यंत मागे जावं लागेल, पण थोडक्यात सांगतो. आल्बुकर्कने गोवा दोनदा घेतला. पहिल्यांदा फेब्रुवारीत, फारशी लढाई न होता. मे महिन्यात आदिलशाही फौज पाऊस आणि अंधाराचा फायदा घेऊन बाणस्तारीच्या बाजूने बेटात उतरली आणि तिने पोर्तुगीजांना शहराबाहेर काढलं. तेही जिंकलेली लढाईच. पण पोर्तुगीज जहाजांवर चढले आणि पावसाळा लागल्यामुळे मांडवीच्या तोंडाशी अडकून पडले. ऑगस्टपर्यंत तिथेच, उपाशी. उंदीरसुद्धा खाल्ले म्हणतात. समोर शत्रू भुकेने मरतोय, आणि तरी जहाजं बुडवायला किंवा पकडायला काठावरच्या फौजेकडे काही नाही. पाऊस सरला, ते निघून गेले आणि नोव्हेंबरात नवी जहाजं घेऊन परत आले. काठावर जिंकणारा आणि पाण्यावर टिकणारा, हा खेळ साडेचारशे वर्षं चालला. पाण्यावर टिकणाऱ्याला हरायची घाई नसते. लिस्बनहून पुढच्या वर्षी जहाज येणार असतं. काठावरच्याला मात्र दरवेळी जिंकावं लागतं, आणि मागच्या अंगणात मोगल असो, निजाम असो, भाऊबंद असोत, कुणी ना कुणी पेटलेलं असतं.

1756 वर लोकांचं फार प्रेम असतं, कारण व्हाइसरॉय मेला. 28 जून 1756, ऐन पावसात, दों लुईश माश्करेन्यश, काँद द आल्व्ह, मराठ्यांच्या ताब्यातल्या मर्दनगडावर, म्हणजे याच फोंड्याच्या किल्ल्यावर, चालून गेला आणि मारला गेला. घटना मोठी खरी. पण मला तिच्यात 1683 इतकं काही सापडत नाही. जून अखेरीस अंत्रुजातल्या चिखलात सैन्य घालणारा सेनापती स्वतःच निम्मी लढाई हरून आलेला असतो. आठच महिन्यांपूर्वी, 1 नोव्हेंबर 1755 रोजी, लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झालं होतं. मायदेशाकडून मदतीची आशा नव्हती. तरी दोन वर्षांत नवा व्हाइसरॉय आला. माणूस मरतो, हुद्दा रिकामा राहत नाही.

त्या नव्या माणसाने, काँद द एगाने, 1763 मध्ये फोंडा घेतला. का जमलं? त्याची तोफ काही एकाएकी हलकी झाली नव्हती. 1761 च्या जानेवारीत पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले. पोरसवदा माधवराव आणि काका रघुनाथराव यांचं पटेना. 1763 मध्ये निजामाने पुणं लुटलं, जाळलं. मराठे त्याच्याशी ऑगस्टात राक्षसभुवनाला लढले. त्याच वर्षी हैदरअलीने बिदनूर घेतलं आणि सोंध्याच्या राजाच्या अंगावर आला. तो राजा पळून गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला, बांदोड्याला राहिला आणि आपला मुलूख त्यांच्या हवाली केला. अशा वर्षी मर्दनगडाच्या किल्लेदाराला कुमक कोण पाठवणार? 80 वर्षांपूर्वी राजा स्वतः राजापूरहून धावत आला होता. ते सात किलोमीटर तेवढेच राहिले, पलीकडून येणारं कुणी उरलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याला हात घालतो: मग त्या लढायांनी काय मिळालं?

1683 च्या नोव्हेंबरात फोंड्याहून पळालेला काँद द आल्व्होर. त्याच माणसाने सातच महिन्यांनी, 27 जून 1684 रोजी, एक फर्मान काढलं: आपल्या ताब्यातल्या लोकांनी आपली भाषा सोडावी आणि पोर्तुगीज बोलावं, मुदत तीन वर्षं. मी हे फर्मान पहिल्यांदा वाचलं तेव्हा सही करणाऱ्याचं नाव पाहून चमकलो. ही दोन प्रकरणं आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकतो, एक मराठ्यांच्या इतिहासात, दुसरं कोंकणीच्या. माणूस एकच. त्याच्या हातात नोव्हेंबरात फोंडा पडला असता, तर जूनच्या फर्मानाखाली अंत्रूजही आला असता.

आणि अंत्रुजात तेव्हा काय होतं? साष्टी-तिसवाडीतली पळून आलेली दैवतं. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. 1567 मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा यातल्या मूर्ती होडीतून, पालखीतून, काही तर टोपलीतून पलीकडे पोचलेल्या होत्या. मागे राहिलेल्या हिंदूंना आपले विधी उघडपणे करायची बंदी. लग्न लावायलाही माणसं नदी ओलांडून इकडे येत. माझं घराणंही मूळ साष्टीतलंच आणि कुळदेवता म्हाळसा. तेव्हा तटस्थ असल्याचा आव मी आणत नाही.

इंक्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 पासून जोरात. 1683 ला ती पुरती जिवंत होती, जेझुइट पाद्र्यांचा दबदबा कायम होता. 1763 ला चित्र पालटलेलं. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने 1759 मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकललं. 1761 मध्ये लिस्बनहून हुकूम आला की हिंदुस्थानातले ख्रिस्ती प्रजाजन पोर्तुगालमधल्यांच्या बरोबरीचे. 1774 मध्ये गोव्याची इंक्विझिशन एकदा बंदही झाली. पुन्हा सुरू झाली ती मरगळलेलीच, आणि 1812 मध्ये संपली. त्यामुळे काँद द एगाने फोंडा घेतला तेव्हा त्याने देवळं पाडायचा हुकूम काढला नाही, उलट देवळं, इनामं आणि रीतिरिवाज जसेच्या तसे ठेवायचं वचन दिलं. नव्या काबिजादींत, म्हणजे फोंड्यात आणि पुढे डिचोली, सत्तरी, पेडण्यात, ते बऱ्यापैकी पाळलं गेलं. ही काही मनाची श्रीमंती नव्हती. नव्या मुलखात बंड नको होतं आणि पाडापाडीचा जोश तोवर ओसरला होता.

तेव्हा हिशोब असा: 1683 ते 1763, मध्ये 80 वर्षं. फोंडा पडायचाच असेल तर तो 1683 मध्ये पडणं आणि 1763 मध्ये पडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. कवळ्याला शांतादुर्गेचं आज जे देऊळ बघतेस, तो पिरॅमिडसारखा उतरत्या कौलांचा मंडप, उंच दीपस्तंभ, तळी, ते शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने 1738 च्या सुमारास उभं राहिलं. म्हणजे बरोबर या 80 वर्षांच्या पोटात. फुटलेल्या तटाच्या ढिगाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसांपैकी कुणालाही हे देऊळ दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. ते लढले ते हुकूम होता म्हणून, पगार होता म्हणून, शेजारचा हलला नाही म्हणून. पुढच्या पिढ्यांसाठी लढले असं मी म्हणणार नाही, तूही निबंधात लिहू नकोस.

आणखी एक लिहू नकोस: सगळे आपले एका बाजूला आणि सगळे परके दुसऱ्या. व्हाइसरॉयच्या सैन्यात साष्टी-बार्देशातून जमवलेली, आपल्यासारखीच दिसणारी आणि आपलीच भाषा बोलणारी माणसं होती. इथल्या देसायांतले काही या बाजूला, काही त्या बाजूला, आणि काही वारा बघून. याच किल्ल्याला 1675 मध्ये शिवाजी महाराजांनी वेढा घातला तेव्हा आतून लढणारी शिबंदी आदिलशाही होती आणि पोर्तुगीज तिला चोरून रसद पुरवत होते. आणि डिसेंबर 1683 मध्ये मराठी फौजा साष्टी-बार्देशात फिरल्या तेव्हा तिथल्या गावकऱ्यांची घरं लुटली गेली, जळाली. लुटणारा कुठल्या झेंड्याखालचा हे कणगी रिकामी झालेल्या माणसाला फार वेळ महत्त्वाचं वाटत नाही. बार्देशातल्या माझ्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरी पिढ्यान्पिढ्या "मराठे आयले" हे पोरांना झोपवण्यासाठी म्हणायचे. आमच्याकडे तेच "पाखले (म्हणजे पोर्तुगीज) आयले" म्हणून. आम्ही दोघं एकाच टेबलावर डबा खायचो.

लोक विचारतात, जुवें हातात होतं तर महाराज खाडी ओलांडून शहरात का गेले नाहीत? मोजणीवाल्याचं उत्तर देतो. जुव्यापासून शहर दिसतं जवळ, पण मधलं पाणी सुकतीलाही खोल राहतं आणि त्यात पोर्तुगीज गलबतं उभी. एकदा ओहोटीने पार झालेल्या माणसांना भरतीच्या आत परतायची वाट लागते. तिथे अडकले असते तर 1510 च्या गोष्टीत जे आल्बुकर्कचं झालं ते त्यांचं झालं असतं, आणि त्यांना बसायला जहाजंही नव्हती. पण त्या धडकीचा एक परिणाम झालाच. त्याच व्हाइसरॉयने राजधानी उचलून मुरगावला न्यायचा घाट घातला, तिथे बांधकामंही सुरू केली. पुढे तो बेत बारगळला, आणि जुनं शहर तापाच्या साथींनी हळूहळू ओस पडलं.

तू पाठवलेला निबंधाचा मसुदा वाचला. दोन ठिकाणी दुरुस्ती कर. फर्मागुडीला पुतळ्याभोवती जी तटबंदी आहे ते अलीकडचं स्मारक आहे, 1683 चा तट तो नव्हे. मूळ किल्ला फोंडा शहरातल्या घरांखाली गेला. दुर्गाभाट हे वाड्याचं नाव तेवढं त्या दुर्गाची आठवण सांगतं. आणि दुर्भाटचं अंतर तू "जवळच" लिहिलंयस. तसं नको. एकदा पाठीवर दहा किलोचं ओझं घेऊन धक्क्यापासून फोंड्यापर्यंत चढ चालून ये, घड्याळ लाव, आणि जो वेळ लागेल तो आकड्यात लिही. जुव्याला जायचं असेल तर आधी पेपरात ओहोटीची वेळ बघ आणि मानशीच्या अलीकडेच थांब.